पहिली वाट राजमाचीची

पाऊस सरतो, मावळातली भाताची खाचरं पिवळी पडतात, दिवाळी अंक घरोघरी पोचतात आणि त्याच सुमारास मुंबई-पुण्यातल्या कितीतरी घरांत एक बेत शिजू लागतो. 'यंदा एखादा सोपा ट्रेक करू या.' पुढचा प्रश्न ठरलेला: सोपा कोणता? मग कुणीतरी गडाचं नाव सांगतं, कुणीतरी फोटो दाखवतं, आणि बेत तिथेच पक्का झाल्यासारखा वाटतो.

खरं तर तो तिथे सुरूही झालेला नसतो. सोपेपणा हा गडाचा गुण नव्हे. राजमाचीचंच घ्या. डिसेंबरात सकाळी लोणावळ्याहून निघून उधेवाडीत मुक्काम करणाऱ्या शाळकरी मुलीला राजमाची सोपी आहे. जुलैत, भर दुपारी, कोंडाण्याच्या बाजूने पाण्यातून चढायला लागलेल्या धडधाकट तरुणाला तीच जिवावरची ठरू शकते. दोघांच्या पायांखाली डोंगर तोच. ऋतू, वाट आणि वेळ या तीन गोष्टी जुळवल्या की ट्रेक सोपा होतो, आणि चौथी गोष्ट म्हणजे वाटेवरचं गाव. या चार गोष्टी कशा जुळवायच्या, हे एका गडाच्या निमित्ताने नीट पाहू या.

माचीवर गाव कसं आलं

राजमाची लोणावळ्याच्या उत्तरेला, उल्हास नदीच्या खोऱ्याच्या काठावर आहे. गडाला बालेकिल्ले दोन: श्रीवर्धन आणि मनरंजन. श्रीवर्धन उंच, माथा समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या आसपास; मनरंजन त्याहून थोडा ठेंगणा. दोघांच्या मधल्या खिंडीत भैरवनाथाचं देऊळ आणि पायथ्याच्या प्रशस्त माचीवर उधेवाडी. गडाचा माथा आणि कोकणची सपाटी यांच्या अधेमधे, हक्काचं पाणी आणि सपाट जमीन असलेलं हे गाव नवख्या भटक्यासाठी मुद्दाम वसवल्यासारखं वाटतं.

वसवलं अर्थातच वेगळ्या कारणाने. कल्याण-सोपाऱ्याची बंदरं आणि घाटमाथा यांना जोडणारी बोरघाटाची वाट सातवाहनकाळापासून वाहती होती. घाटावर कार्ले, भाजे, बेडसे आणि घाटाखाली कोंडाणे ही लेणी त्याच रहदारीच्या आधाराने उभी राहिली. त्या वाटेवर नजर ठेवायची तर राजमाचीसारखी जागा नाही. १६५७मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या मोहिमेच्या सुमारास लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना यांच्यासह हा गड आदिलशाहीकडून घेतला. १७१३मध्ये तो कान्होजी आंग्र्यांकडे गेला, १७३०मध्ये थोरल्या बाजीरावांकडे आला आणि १८१८मध्ये इंग्रजांच्या हाती पडला. १८६३मध्ये बोरघाटातून रेल्वे धावू लागली आणि पहाऱ्याचं काम संपलं. गाव मात्र राहिलं.

बेत आखणाऱ्याला या इतिहासाचा थेट उपयोग आहे. गड बांधणाऱ्यांनी पाणी कुठे टिकतं, वारा कुठे अडतो, माणसं कुठे राहू शकतात, याचा विचार आधीच करून ठेवलेला असतो. शिबंदी जिथे राहत होती तिथेच आज आपली पथारी पडते. म्हणून पहिल्या ट्रेकसाठी गड निवडताना उंची बघू नये. मधल्या उंचीवर नांदतं गाव आहे का, ते बघावं.

कधी जावं

मराठी भटक्यांचं सर्वांत मोठं प्रेम पावसाळ्यावर. लोणावळ्याच्या परिसरात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर राजमाची धबधब्यांनी भरून जाते, यात वाद नाही. पण ओढ्याचं पाणी माथ्यावरच्या पावसाने वाढतं, आपण उभे असतो तिथल्या पावसाने नव्हे. खाली रिमझिम असताना वरून लोंढा येतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या वरच्या बाजूला धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, ती अशीच अचानक वाढलेल्या पाण्यात. त्यानंतर मावळातल्या पर्यटनस्थळांवर पावसाळ्यात प्रशासनाचे निर्बंध येऊ लागले, तेव्हा पावसात निघण्याआधी त्या आठवड्यातले आदेश पाहणं हाही आता बेताचाच भाग आहे. पहिलाच ट्रेक पावसात करायचा असेल, तर लोणावळ्याच्या बाजूने जावं आणि त्याच वाटेने परतावं. कोंडाण्याची उतरण तेव्हा वगळावी.

मेच्या अखेरीपासून पहिल्या पावसापर्यंत काजव्यांचा मोसम असतो. राजमाचीचं रान त्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि तीच आता अडचण झाली आहे. काजव्यांचा प्रकाश म्हणजे जोडीदाराला घातलेली साद. त्या झाडांवर विजेऱ्यांचे झोत आणि गाड्यांचे दिवे पडले की ती साद पोचत नाही. शनिवार-रविवारी गावाकडच्या कच्च्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. नवख्याने काजवे बघावेत, जरूर बघावेत. पण आठवड्याच्या मधल्या वारी, चार-सहा जणांनी, विजेरी बंद ठेवून.

उरला नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हाच खरा शिकण्याचा काळ. वाटा कोरड्या, हवा स्वच्छ, दुपारचं ऊन सोसवेल असं. श्रीवर्धनवरून तेव्हा लोहगड-विसापूरची जोडी, ढाकचा डोंगर, नागफणीचं टोक, माथेरानचं पठार एकेक करून ओळखता येतं. नोव्हेंबरात गवत वाढलेलं असतं आणि कारवीच्या रानात वाट दिसेनाशी होते, तेवढं ध्यानात ठेवावं. मार्चनंतर उन्हाने दगड तापतात, झरे आटतात, आणि सोपी वाट पुन्हा अवघड होते.

घड्याळाचा हिशेब

नवख्यांचे बेत बहुतेक वेळा बिघडतात ते वेळेच्या हिशेबात. 'सोळा किलोमीटर? मी रोज सकाळी पाच चालतो,' असं म्हणणारा माणूस प्रत्येक गटात असतो. डोंगरातला किलोमीटर मात्र मैदानातल्या किलोमीटरइतका राहत नाही.

विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२मध्ये एक ठोकताळा मांडला, तो आजही कामाला येतो: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. लोणावळं सुमारे सव्वासहाशे मीटरवर आहे. तिथून तुंगार्ली, फणसराई करत उधेवाडीपर्यंतची वाट पंधरा-सोळा किलोमीटरची, पण मोठी सलग चढण नसलेली. किरकोळ चढउतार धरून नाइस्मिथच्या हिशेबाने चार तास होतात. पण तो हिशेब सराईत, न थांबता चालणाऱ्या माणसाचा. नवख्या गटासाठी त्याची दीडपट करावी, म्हणजे सहा तास. जेवण, फोटो, बुटांचे बंद, कुणाच्या पायाला आलेला फोड, यांचा आणखी एक तास. एकूण सात.

आता उलटीकडून मोजा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. अंधाराआधी किमान दोन तास मुक्कामी पोचायचं, हा माझा नियम. म्हणजे चारच्या आत उधेवाडी आणि नऊच्या आत लोणावळ्याहून पाय काढायचा. मुंबईकरांनी भल्या पहाटेची इंद्रायणी धरावी आणि पुणेकरांनी पहिल्या लोकलांपैकी एक. 'सगळे जमू या, मग दहाला निघू' असं ठरलं, तर संध्याकाळचा शेवटचा टप्पा विजेरीच्या उजेडात होणार, हे तेव्हाच ठरतं.

चालताना गावकऱ्याला अंतर विचारू नये. रोज चालणाऱ्याला ते अंतर वाटतच नाही, 'हे काय, आलंच' असं उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारावं, डोक्यावर बाजाराचं ओझं असेल तर किती वेळ लागतो? त्या उत्तरात आपली पाठपिशवी धरलेली असते.

हा रस्ता बराचसा कच्चा आणि रुंद आहे, कोरड्या दिवसांत त्यावरून जीपही जाते. सराईत भटके त्याला नाकं मुरडतात. नवख्यासाठी मात्र तो आधार आहे, कारण गटातल्या कुणाची तब्येत बिघडली तर गाडी तिथवर पोचू शकते. पहिल्या दिवशी रानाची ओळखही याच वाटेवर होते. जांभूळ, हिरडा, ऐन, कुंभा, मधूनच करवंदीच्या जाळ्या. पहाटे शीळ घालणारा कस्तूर, दुपारी डोक्यावर घिरट्या घालत ओरडणारा सर्पगरुड, आंब्याच्या शेंड्यावरून बघणारी वानरं. भराभर चालणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. म्हणून सहा तासांची वाट चार तासांत मारण्यात कसलाही पराक्रम नाही.

उधेवाडीचा मुक्काम

उधेवाडीत घराघरांतून जेवणाची आणि मुक्कामाची सोय होते. पिठलं, भाकरी, ठेचा, भात-आमटी, सांगितलं तर कोंबडी. पडवीत किंवा ओटीवर सतरंज्या पडतात, किंवा आपला तंबू अंगणात लागतो. हे हॉटेल नाही, आणि त्या फरकातूनच मुक्कामाचे सगळे नियम येतात.

पहिला नियम आधी कळवण्याचा. गावात दुकान म्हणजे फार तर चहा-बिस्किटं. तेल, भाजी, गॅस सगळं लोणावळ्याहून आणावं लागतं. दोन दिवस आधी फोन करून माणसं किती, जेवणं किती, शाकाहारी किती, हे सांगावं. बारा जणांचं सांगून सात जण गेले, तर पाच जणांचं वाढलेलं अन्न त्या घराच्या खिशातून जातं. संख्या कमी झाली तरी सांगितलेल्या जेवणांचे पैसे द्यावेत. दर आधी विचारावा आणि मग घासाघीस करू नये.

दुसरा नियम पाण्याचा. पावसाळ्यात धो धो कोसळणाऱ्या या मुलखात उन्हाळ्याकडे पाणी मोजून वापरावं लागतं. जेवल्यावर भांडी घासण्याचा आव आणून दोन बादल्या ओतण्यापेक्षा ताट पुसून द्यावं. गावाजवळचा उदयसागर तलाव आणि त्याच्या काठचं जुनं शिवमंदिर बघण्यासारखं आहे. पण ते पोहण्याचं ठिकाण समजू नये. अनोळखी तलावाच्या तळाशी गाळ असतो, आणि बुडणाऱ्यांत पट्टीचे पोहणारेही असतात.

तिसरा नियम आवाजाचा. गाव नऊला झोपतं आणि पहाटे उठतं. स्पीकर घरी ठेवावा, दारूही. शेकोटी पेटवायची तर घरमालकाला विचारून, त्याने दाखवलेल्या जागी आणि त्याने दिलेल्या लाकडावर. वाळलेल्या गवताच्या दिवसांत एक ठिणगी अख्खी डोंगरउतरण जाळते, आणि त्यात गुरांचा चारा जातो.

शहरातून शेकडो माणसं बसने आणणारे, जेवणाचा ठेकाही शहरातूनच आणणारे आयोजक आता सह्याद्रीत सगळीकडे दिसतात. अशा गटाबरोबर जाणाऱ्याने एक प्रश्न जरूर विचारावा. आम्ही दिलेल्या पैशांतलं गावात काय राहतं? उत्तर 'कचरा' असेल, तर दुसरा आयोजक शोधावा.

दुसऱ्या दिवशीचा निर्णय

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघावं. गावातून भैरवनाथाच्या खिंडीत पोचायला अर्धा तास, तिथून श्रीवर्धनच्या माथ्यावर आणखी अर्धा-पाऊण तास. वाटेत दरवाजा लागतो, कड्यात खोदलेली टाकी लागतात आणि दुहेरी तटाचा चिलखती बुरूज लागतो. बाहेरची भिंत पडली तरी आतली उभी राहावी, म्हणून तो तसा बांधलेला. मनरंजनवर गर्दी कमी, टाकी आणि वाड्याचे अवशेष आहेत. दोन्ही बालेकिल्ले करायलाच हवेत, असं नाही. एकच करावा, पण बसून, नीट.

आग्या मोहोळांचं भान मात्र दोन्हीकडे ठेवावं. कड्याला लटकलेली पोळी दिसली की आवाज बंद, धूर बंद, उग्र अत्तर तर निघतानाच टाळलेलं. मधमाश्या उठल्या तर अंग आणि तोंड झाकून शक्य तितकं लांब जायचं. हात झटकत उभं राहायचं नाही.

साधारण नऊ-दहाला गावात परत येऊन न्याहारी होते, आणि इथे या बेताचा सर्वांत महत्त्वाचा क्षण येतो. पुढे दोन वाटा आहेत. एक आलो तीच, लोणावळ्याकडे. पाय फारच बोलत असतील तर जीपने. दुसरी कोंडाणे लेण्यांवरून कोंदिवड्याला आणि तिथून कर्जतला. दुसरी वाट सुंदर आहे, दाट रानातली आहे, पण ती पाचशे मीटरहून अधिक सलग उतरते. उतरताना दम लागत नाही, म्हणून नवख्याला उतार सोपा वाटतो. प्रत्यक्षात गुडघे, घोटे आणि बुटांचे तळवे यांची परीक्षा उतारावरच होते, तीही आदल्या दिवशी थकलेल्या पायांनी. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मुरमाच्या उतारावर, पाय घसरला की मुरगळणं ठरलेलं.

म्हणून कर्जतची परतीची तिकिटं आधी काढून ठेवू नयेत. निर्णय गावात, दहा वाजता, गटातल्या सर्वांत थकलेल्या माणसाकडे बघून घ्यावा. त्याला 'जमेल ना?' असं सगळ्यांसमोर विचारलं तर तो 'हो'च म्हणणार. त्याला थोडं चालायला लावावं, पायऱ्या उतरायला लावाव्यात आणि बघावं. परतीचे दोन पर्याय खुले ठेवण्याची ही सोय मधल्या गावामुळेच मिळते. थेट माथ्यावर जाऊन थेट खाली येणाऱ्या ट्रेकमध्ये ती नसते.

उतरायचं ठरलं, तर गावातला माणूस सोबत घ्यावा आणि त्याचा दिवसाचा मोबदला द्यावा. नवख्या गटाला तीन-चार तास लागतात. शेवटच्या टप्प्यावर कोंडाण्याची बौद्ध लेणी येतात, इसवी सनापूर्वीच्या शतकांतली. चैत्यगृहाचं दर्शनी काम पाहताना कळतं की लाकडी इमारतीचे वासे आणि गवाक्षं कारागिराने जशीच्या तशी दगडात उतरवली आहेत. तिथेच ब्राह्मी लिपीत, कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं, अशी नोंद आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचं नाव वाचायला मिळावं, असं भाग्य फार थोड्या लेण्यांत लाभतं. कोंदिवड्याहून कर्जत स्थानकापर्यंत रिक्षा मिळते. रविवारी संध्याकाळची ती सकाळीच ठरवून ठेवलेली बरी.

पाठीवर काय, सोबत कोण

सामानाबद्दल इतकं छापून येतं की नवखा माणूस दुकानातच दमतो. थोडक्यात सांगतो. बूट नवे नकोत, आधी महिनाभर वापरलेले हवेत, तळवे खाचांचे. माणशी तीन लिटर पाणी. विजेरी प्रत्येकाकडे स्वतःची, मोबाइलची नव्हे. पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, एक जाड कपडा, कारण डिसेंबरात माचीवर रात्री चांगलंच गारठतं. क्रेप बँडेज, जंतुनाशक, मीठ-साखर पावडर, स्वतःची नेहमीची औषधं. कचरा परत आणायला एक पिशवी. पाठपिशवीचं वजन सात-आठ किलोंवर गेलं, तर काहीतरी जास्त झालं आहे.

गटात सर्वांत पुढे वाट जाणणारा आणि सर्वांत मागे दुसरा अनुभवी माणूस, मधल्या कुणीही मागच्याच्या मागे राहायचं नाही. हा एक नियम पाळला, तरी चुकामूक बहुतेक टळते. आयोजकाबरोबर जाणार असाल तर माणसं किती, त्यामागे प्रशिक्षित नेते किती, प्रथमोपचार कोण जाणतो, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. महाराष्ट्र शासनाच्या २०२१च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा संस्थांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. ती केली आहे का, हेही विचारावं.

काही बिघडलं तर प्रथम गावात निरोप द्यावा, मग ११२ लावावा. लोणावळ्यात शिवदुर्ग मित्र मंडळाचे स्वयंसेवक वर्षानुवर्षं दऱ्याखोऱ्यांतून अडकलेल्यांना काढत आले आहेत. साप चावला तर कापणं, चोखणं, घट्ट आवळून बांधणं यातलं काही करू नये. चावलेला भाग हलू न देता माणसाला लवकरात लवकर सरकारी रुग्णालयात न्यावं. तिथवर नेणारी डोली मात्र गावातलीच माणसं उचलतात.

हीच रीत, दुसरे गड

राजमाची जमली की हीच मोजपट्टी इतरत्र लावता येते. कर्जतजवळच्या आंबिवलीहून पेठ गावात चढावं, तिथे जेवावं आणि मग कातळात खोदलेल्या जिन्याने कोथळीगडाच्या सुळक्यावर जावं. मुळशीच्या बाजूला एकोले गावातून घनगड होतो. फक्त एकच दिवस असेल, तर मळवलीला उतरून भाजे लेणी आणि पायऱ्यांचा लोहगड. साताऱ्याकडचा वासोटा मात्र वेगळा: बामणोलीहून कोयनेच्या जलाशयातून होडी, वन विभागाची परवानगी, आत मुक्कामाला मनाई आणि संध्याकाळच्या आत परत. तिथे मधलं गाव नाही, म्हणून तो पहिला ट्रेक नव्हे, तिसरा-चौथा असावा.

गो. नी. दांडेकरांनी 'माचीवरला बुधा' याच राजमाचीवर घडवली. त्यातला म्हातारा मुंबई सोडून माचीवर परततो. आज चालतं ते बहुतेक उलटं. शिक्षण, दवाखाना आणि नोकरी यांसाठी डोंगरावरच्या वाड्यांमधली तरुण माणसं खाली उतरतात, आणि ती वर टिकायची तर वर काहीतरी कमाई असावी लागते. राजमाचीत त्या कमाईचा मोठा वाटा आता भटक्यांच्या जेवणाचा आणि मुक्कामाचा आहे. उद्या उधेवाडीत चूल पेटली नाही, वाट दाखवायला कुणी नसलं, डोली उचलायला चार खांदे मिळाले नाहीत, तर श्रीवर्धन तितकाच उंच राहील, पण नवख्याला तिथे जाता येणार नाही. तेव्हा बेत आखताना बुटांच्या खर्चाआधी उधेवाडीचा खर्च लिहावा. आपल्यासाठी ही वाट सोपी करणारी माणसं तिथे राहतात.